साक्ष काढणारे सर

सरांबद्दल लिहायचं तर आधी एक कबूल करायला हवं. मी या माणसाशी अकरा वर्षं खोटं बोललो, आणि ते खोटं माझ्या आईबद्दलचं होतं. आत्ताच सांगून टाकतो, कारण एकदा सरांच्या गमती सांगायला लागलो की मी नेहमीसारखा त्यांच्याआड लपेन. गमती पुष्कळ आहेत.

जोयडा तालुक्यातल्या रामनगरच्या एका हायस्कुलात सर इंग्रजी शिकवायचे आणि मी गणित. सर बुटके, टक्कल पडलेले, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात दोन पेनं. एक निळं, एक तांबडं. त्यांचे वडील खानापूरच्या कोर्टात बेलीफ होते, आणि कोर्टाची भाषा सरांच्या रक्तात उतरलेली. हॉटेलवाल्यानं भजी ताजी आहेत असं म्हटलं की सर विचारायचे, "साक्षीदार कोण?" हॉटेलवालाही तयार झालेला. तो कढईकडे बोट दाखवायचा, "ही बघा की, अजून तडतडाय लागली हाय." मग सर मान डोलवून एक प्लेट मागवायचे आणि ती उभ्यानंच खायचे. बसून खाल्लं की माणूस निकाल द्यायला उतावीळ होतो, असं त्यांचं मत होतं. याला साक्षीदार कोण, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

दहावीला इंग्रजीच्या पेपरात म्हणीचा अर्थ विस्तार करून लिहायचा असतो. बाकीच्या शाळांत मुलं गाइडातल्या पाच ओळी पाठ करतात. सर गाइडला हात लावू देत नसत. "गाइड लिहिणारा जोयड्याला आलाय का कधी? मग त्याला काय ठाऊक इथं काय लागू पडतंय ते?" फळ्यावर एक इंग्रजी म्हण लिहायचे, तिच्याखाली मोठ्या अक्षरात 'साक्षीदार' असा शब्द, आणि मुलांना आठवड्याची मुदत. मुलांनी घरी, रानात, बाजारात जाऊन विचारायचं की ही गोष्ट खरी आहे का. साक्षी निळ्या पेनानं एका जाड वहीत उतरायच्या. शेवटी तांबड्या पेनानं निकाल. मान्य, अमान्य, किंवा सरांचा लाडका तिसरा निकाल: 'जोयडा तालुक्यापुरतं अमान्य'.

घरंगळत्या दगडाची आणि शेवाळाची म्हण तुम्ही शाळेत शिकला असाल. एका जागी न टिकणाऱ्या माणसाच्या हाती काही लागत नाही, असा तिचा अर्थ सांगतात. सरांनी त्यासाठी नाल्यातून दोन दगड आणले, दोन्ही नारळाएवढे. एक शाळेच्या पायरीशी ठेवला, त्याला कुणी हात लावायचा नाही. दुसरा मुलांनी रोज पायानं ढकलत फाटकापासून वर्गापर्यंत आणायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा. जूनपासून गणपतीपर्यंत हा उद्योग चालला. शाळेत येणारा प्रत्येक पालक त्या दगडाला अडखळून सरांचा उद्धार करून गेला. गणपतीच्या सुट्टीआधी सरांनी सगळ्या वर्गासमोर दोन्ही दगड मांडले. दोन्ही हिरवेगार. आमच्याकडे पाऊसच असा की थांबलेल्याला आणि पळत्याला सारखंच शेवाळ. सर इतके खूश झाले की त्यांनी हेडमास्तरांना वर्गात बोलावून आणलं.

हेडमास्तर म्हणाले, "सर, दगड झाला, आता निकालाचं बघा. दहावीचा."

"तोच तर दिला की आत्ता," सर म्हणाले.

उळवीच्या जत्रेला ते दरवर्षी जायचे, पण देवळात कमी आणि स्वयंपाकाच्या मांडवात जास्त. फार स्वयंपाकी झाले की रस्सा बिघडतो अशा अर्थाची जी म्हण आहे, तिच्या चौकशीसाठी. तिथं भल्या मोठ्या हंड्यांभोवती पंधरा-वीस माणसं, निम्मी कन्नड बोलणारी, निम्मी मराठी; जो येईल तो काहीतरी टाकून जातो. सरांनी एक कडची हातात घेतली आणि जो तो काय टाकतो ते नोंदत उभे राहिले. मीठ किती वेळा पडलं ते त्यांनी मोजलं. मग ते सारू, म्हणजे तिकडचा रस्सा, चाखलं. अप्रतिम. सरांनी शेजारच्या आचाऱ्याला विचारलं, "असं कसं हो झालं?" तो म्हणाला, "सर, पोटात भूक घेऊन हजार माणूस बसलंय तिकडं. बिघडायला सवड कुठाय?" ती साक्ष वहीत आहे. रामनगरच्या शिंप्याची पण आहे. वेळीच एक टाका घातला तर पुढचे नऊ वाचतात, हे त्याला पटलं, पण तो हात जोडून म्हणाला, "मुलास्नी शिकवू नका एवढं, सर. माझ्या पोटाचं बघा."

आता माझं.

मी या शाळेत लागलो तेव्हा स्टाफरूममध्ये सांगितलं की आम्ही मूळचे खानापूरकडचे. ते खरं नव्हतं. माझं गाव अणशीच्या अलीकडे, आत जंगलात, रस्त्यापासून दीड तास चालत. आई खांद्यावर गाठ मारून लुगडं नेसायची, अनवाणी चालायची, आणि बोलायची ते ऐकून रामनगरचे दुकानदार सुद्धा एकमेकांकडे बघून हसायचे. नोकरी लागल्यावर मी तिला इथं घेऊन आलो. घरात आम्ही दोघंच. शाळेतलं कुणी घरी आलं तर ती मागच्या परसात जायची. मी कधी तोंडानं सांगितलं नव्हतं, पण तिला ते कळलं होतं. तिथं तिनं कोनफळं, कणगरं असे कंद लावले होते आणि त्यांच्यातच रमायची. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, आई थकलीय, फारशी भेटत नाही कुणाला. ती तेव्हा दोन माणसांचं काम करत होती.

एक दिवस सरांनी स्टाफरूममध्ये विचारलं, "जंगलाकडचं कुणी जुनं माणूस मिळंल का साक्षीला? तुमचं येणं-जाणं असतंय ना तिकडं?" पहाटे उठणाऱ्या पाखराला किडा मिळतो, म्हणजे लवकर उठणाऱ्याचं भलं होतं, ती म्हण चालू होती. मी घरी जाऊन आईला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती कणगरं सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "पाटंच्या पारी वाटंवर गवा असतो. त्यो गेल्यावर मानसानं जायचं. लवकर उठनाऱ्याचं भलं कुटलं? उचलून आनाय लागतंय त्याला."

दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं. सरांनी टेबलावर मूठ आपटली. "कोण बोललं हे?"

'माझी आई' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. मी म्हणालो, "अणशीला एक म्हातारी आहे. गंगाबाई."

गंगाबाई हे नाव अशासाठी घेतलं की ते कुठंही खपून जातं. पुढं तेच नडलं.

त्यानंतर दर आठवड्याला सरांची म्हण माझ्या खिशातून घरी जायची आणि आईचं उत्तर गंगाबाईच्या नावानं शाळेत यायचं. रोज एक सफरचंद खाऊन डॉक्टरला लांब ठेवण्याबद्दलची म्हण तिला सांगितली तर ती म्हणाली, "आनी किती लांब? हितनं दांडेलीपतुर न्हाई एक बी." कुंपणापलीकडचं गवत जास्त हिरवं दिसतं, म्हणजे माणसाला दुसऱ्याचं सुख मोठं वाटतं, असं समजावलं. ती म्हणाली, "वाटतंय कशाला? असतंयच हिरवं. पल्याड फारेस्टवाले गुरं चरू देत न्हाईत." यावर सरांनी दोन तास घेतले. मुलांना म्हणाले, "गाइड म्हणतंय, मन आवरा. गंगाबाई म्हणतेय, आधी कुंपण कुणी घातलं ते बघा. लिहून घ्या." रिकाम्या भांड्याच्या आवाजाची म्हण, म्हणजे ज्याला कमी कळतं तो जास्त बडबडतो, ती ऐकून मात्र आई जरा चिडली. "रिकामं हाय म्हनून वाजतंय. नावं ठेवन्यापरीस भरा की त्यात कायतरी." सरांनी ते वाक्य वर्गाच्या दारावर खडूनं लिहून ठेवलं होतं. आमच्या शाळेत मागच्या बाकावरची मुलं त्या वर्षी पहिल्यांदा प्रश्न विचारायला लागली.

सरांना गंगाबाईचं वेड लागलं. थंडीत त्यांनी तिच्यासाठी एक हिरवी लोकरी शाल माझ्याकडे दिली. मी ती आईला दिली, शाळेतून मिळाली म्हणून सांगितलं. तिला फार आवडली. पण ती पांघरून बाजाराला निघाली तेव्हा मी दारातच आडवा झालो.

"ही बाहेर नेऊ नको."

"का रं? चोरीची हाय?"

"नाही गं."

"मग मी चोरीची हाय?"

ती हसत म्हणाली होती. मी पण हसलो. या वाक्यावर मी पुढं किती वर्षं हसू शकलो नाही ते सांगण्यात अर्थ नाही.

सरांना मग गंगाबाईला भेटायचं होतं. पहिल्यांदा मी सांगितलं, ती लेकीकडे गेलीय. मग सांगितलं, पावसात रस्ता बंद आहे. मग वाघांच्या राखीव जंगलात बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत, गेटावर चौकशी होते. सर म्हणाले, "करू दे की चौकशी. आम्हाला काय, आम्ही बेलीफाच्या पोटचे." शेवटी त्यांनी एका पालकाची जीप ठरवली, रजा टाकली, दहा मुलं बरोबर घेतली आणि मला आदल्या दिवशी सांगितलं, उद्या सकाळी सातला फाटकाशी या.

मी म्हणालो, "सर, सांगायचं राहिलं. गंगाबाई गेली. गेल्या आठवड्यात. तापानं."

सर खाली बसले. मी त्यांना बसलेलं क्वचितच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर शाळेनं दोन मिनिटं उभं राहून गंगाबाईला श्रद्धांजली वाहिली. सरांनी तिची तीन उत्तरं वाचून दाखवली आणि तिसऱ्याला त्यांचा आवाज फाटला. मी मान खाली घालून उभा होतो. मुलांना वाटलं, माझी जवळची होती. माझी आई त्या वेळी शाळेपासून चार घरं पलीकडे, परसात, बहुतेक माकडांना शिव्या देत होती. मैदान शांत असतं तर ऐकू आलं असतं. ते पूर्ण शांत होतं, पण वारा उलटा होता.

रविवारी सर एकटेच बसनं अणशीला गेले, दुखवट्याला. मला ते सोमवारी कळलं. स्टाफरूममध्ये शिरलो तर सर खिडकीशी उभे. मी मनात राजीनामा लिहायला घेतला.

"जाऊन आलो," सर म्हणाले. "घर सापडलं लगेच. गंगाबाईचं घर म्हटल्यावर पोरं सोडायला आली. आठ-दहा दिवस झाले म्हणे जाऊन."

 अणशीत खरोखर एक गंगाबाई होती आणि ती खरोखर वारली होती.

"माणसं फार साधी हो. चहा दिला. मी तिची उत्तरं सांगितली तर सून नुसती बघतच राहिली. म्हणाली, आमची सासू तर कुणाशी बोलायचीच नाही, दिवसाला चार शब्द. मुलगा रडायला लागला. म्हणाला, आई एवढं बोलायची आणि आम्हाला पत्ताच नाही." सरांनी चष्मा पुसला. "बघा तुम्ही. घरच्यांशी नाही बोलली, तुमच्यापाशी बोलली. काय पुण्याई केली होती तुम्ही?"

त्या मुलाचं काय झालं असेल याचा मी अजून विचार करतो. आपली अबोल आई बाहेर जाऊन असं काही बोलली, ही समजूत घेऊन तो जगत असेल. ती समजूत माझी देणगी. सरांना मी फसवलं ते एकवेळ विनोदी वाटेल, पण या माणसाला मी त्याची नसलेली आई दिली आणि माझी असलेली लपवली.

त्यानंतर मी सरांना साक्षी आणून देणं बंद केलं. आईनं दोनदा-तीनदा विचारलं, "आता कायबी विचारत न्हाईस व्हय रं, आदीसारकं?" मी म्हणालो, कामं वाढली.

सर निवृत्त झाले. गेल्या वर्षी त्यांनी त्या वहीचं पुस्तक करायचं ठरवलं. बेळगावच्या एका छापखान्यातून कच्ची छपाई आली आणि चुका तपासायला म्हणून त्यांनी ती माझ्याच हातात ठेवली. पहिल्याच पानावर अर्पणपत्रिका: अणशीच्या कै. गंगाबाईंना. आतली निम्मी उत्तरं आईची.

मी घरी ओट्यावर बसून पानं तपासत होतो. डोळे आता आधीसारखे राहिले नाहीत, म्हणून मोठ्यानं वाचायची सवय लागलीय. आई शेजारी कोकमं वाळत घालत होती. ती ऐंशीच्या पुढं गेलीय, कान मात्र तसेच. मी गव्याचं उत्तर वाचलं आणि तिचा हात थांबला.

"ह्ये मी बोलले होते न्हवं?"

"होय."

"नाव कुनाचं घातलंय?"

"गंगाबाई."

"कोन गंगाबाई?"

मी पान उलटलं. ती म्हणाली, "बरं." आणि परत कोकमं पसरायला लागली. एकेक कोकम उलटं करून, नीट, सारख्या अंतरावर. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर मी कदाचित आणखी अकरा वर्षं काढली असती. त्या 'बरं'नं माझं संपलं.

पुस्तक छापायला जायला तीन दिवस होते. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांकडे गेलो आणि दारात उभं राहूनच सगळं सांगितलं. गाव, आई, लुगडं, परस, ताप. सरांनी मध्ये एकदाही साक्षीदार मागितला नाही. माझं सांगून झालं. मग म्हणाले, "म्हणजे मी अणशीला कुणाच्या घरी रडून आलो?"

"दुसऱ्या गंगाबाईच्या."

"चहा पण घेतला हो मी त्यांचा." ते दाराकडे आले. मला वाटलं, दार लावतील. त्यांनी पायात चपला सरकवल्या. "माझ्याशी खोटं बोललात ते माझं मी बघतो. वय झालंय, राग फार वेळ टिकत नाही. पण जिवंत साक्षीदार लपवला तुम्ही. माझ्या बापानं असल्या माणसाच्या दाराला समन्स डकवलं असतं. चला."

 आमच्या घरी सर पुढच्या दारानं आत आले, थेट परसात गेले. आई कोनफळाच्या वेलाला काठी लावत होती. ती सवयीनं कोपऱ्यात सरकली. सर म्हणाले, "अक्का, आत जाऊ नका. मी तुमच्याचकडं आलोय. आधी हा काय सांगतोय ते ऐका." आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

मला ते पुन्हा सांगायला लागलं, या वेळी तिच्यासमोर. ती ऐकत होती, हातातली काठी तशीच.

"मला मारलं म्हन की."

"होय."

"कशानं मेले?"

"तापानं."

"किती दिस होता ताप?"

"ते... ठरवलं नव्हतं."

"आनी बाराव्याला काय केलं?"

सर खाकरले. "शाळेत दोन मिनिटं उभं राहिलो, अक्का. सगळे."

"नुस्तंच उभं?" आई म्हणाली. "जेवान न्हाई?"

सर आधी हसले. मग आई हसली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि ते पाणी नेमकं कशाचं ते मी विचारलं नाही. तिनं सरांना दगडावर बसवलं. सर बसले. तिनं उकडलेली कणगरं आणून दिली, तीही त्यांनी बसूनच खाल्ली. मग दोघांचं सुरू झालं. कुंपणाच्या उत्तरावर सरांना अकरा वर्षं एक शंका होती, ती त्यांनी आता विचारली. आई म्हणाली, "तुमी मास्तर असून येवडं बी कळंना?" सर म्हणाले, "कळंना म्हणून तर आलो." मी उभाच होतो. मला कुणी बस म्हणालं नाही, आणि ते बरोबरच होतं.

जाताना सरांनी माझ्याकडून कच्च्या छपाईची पानं मागून घेतली, गुडघ्यावर ठेवली आणि तांबड्या पेनानं अर्पणपत्रिकेतलं नाव खोडलं. 'कै.' सुद्धा खोडलं, दोनदा.

"नाव सांगा, अक्का."

आईनं माझ्याकडे बघितलं. "सांगू काय रं?"

 पण तिनं माझ्या उत्तराची वाट बघितली नाही.

"शेवंती," ती खणखणीत म्हणाली. मग गावाचं नाव सांगितलं, रस्त्यापासून कुठल्या नाल्यावरून वळायचं तेही. सर लिहीत होते. "आनी कुनाची आई, त्ये बी लिवा, मास्तर. न्हाईतर परत कोनतरी मारून टाकंल मला."

सरांनी लिहिणं थांबवलं आणि पेन माझ्यापुढं धरलं. मी खाली बसलो आणि आईच्या नावाखाली माझं नाव लिहिलं, गावासकट.